लॉराच्या गावी

गेल्या वर्षी जुलै महिन्यात पुतण्याकडे अमेरिकेला जाण्याचा योग आला. तो मिनिआपोलिस शहरात नोकरीला असतो. पोहोचल्यावर दोन दिवसांनी त्याने विचारले, "काका, काय पाहायचे ते सांगा. नायगारा, न्यूयॉर्क, कुठेही जाऊ." मी म्हटले, "बाबा रे, उंच इमारती मुंबईतही पुष्कळ आहेत. मला तुमच्याकडचे एखादे शेतकऱ्यांचे गाव दाखव." तो विचारात पडला. इतकी वर्षे तिथे राहून त्याने स्वतःच असले गाव पाहिलेले नव्हते. तेवढ्यात त्याची दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "आजोबांना लॉराच्या गावाला नेऊ या."

ही लॉरा कोण, हे मला ठाऊक नव्हते. नातीने आपल्या खोलीतली पुस्तकांची फळी दाखवली. लॉरा इंगल्स वाइल्डर या बाईची पुस्तके तिथे ओळीने लावलेली होती, आणि वाचून वाचून त्यांच्या कडा मऊ झाल्या होत्या. लॉराचा जन्म १८६७ चा, मृत्यू १९५७ चा. शेतकऱ्याची मुलगी आणि शेतकऱ्याचीच बायको. पहिले पुस्तक निघाले १९३२ साली, म्हणजे वयाच्या पासष्टाव्या वर्षी! आईबाप आणि बहिणींबरोबर छपराच्या बैलगाडी-घोडागाडीतून माळामाळाने हिंडत काढलेले बालपण तिने गोष्टीरूपाने लिहिले. तिच्या हयातीत अशी आठ पुस्तके निघाली. त्यांवरून केलेली मालिका अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर १९७४ पासून १९८३ पर्यंत चालली. आठांपैकी शेवटची चार पुस्तके ज्या गावात घडतात ते गाव म्हणजे साउथ डकोटा राज्यातले डी स्मेट.

आम्ही चौघे मोटारीने निघालो. मिनेसोटा राज्य ओलांडून पश्चिमेला जाणाऱ्या चौदा नंबरच्या रस्त्याला लॉराचेच नाव दिलेले आहे. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. टेकडी नाही, बांध नाही, बांधावर बाभूळ नाही. मैलच्या मैल एकच पीक. मध्येच धान्य साठवण्याची लोखंडी कोठारे चमकताना दिसतात, ती दिसली की गाव आले समजायचे. माणूस मात्र शेतात कुठेच दिसेना. मी पुतण्याला दोनदा विचारले, "अरे, आज सुट्टी आहे का यांना?"

वाटेत वॉलनट ग्रोव्ह नावाचे गाव लागते. तिथे ओढ्याच्या काठात कोरून काढलेल्या मातीच्या घरात इंगल्स कुटुंब राहत होते. आता ते घर नाही, जमिनीत एक खळगा तेवढा उरला आहे. या गावी १८७० नंतरच्या त्या दशकात टोळधाडीने कहर केला. लॉराचा बाप चार्ल्स याचा उभा गहू टोळांनी फस्त केला आणि तो दुसऱ्यांच्या सुगीत मजुरी करण्यासाठी शेकडो मैल पायी पूर्वेला गेला. आश्चर्याची गोष्ट अशी, की आकाश झाकून टाकणारी ती टोळांची जात पुढे तीस वर्षांत पृथ्वीवरून नाहीशी झाली. तिचा शेवटचा जिवंत टोळ १९०२ साली सापडला, त्यानंतर एकही नाही. त्यांची अंडी घालण्याची नदीकाठची जमीन नांगराखाली आली म्हणून ती संपली असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात.

संध्याकाळी डी स्मेटला पोहोचलो. गाव किती मोठे? २०२० च्या शिरगणतीत वस्ती हजाराच्या किंचित वर. एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना दुकाने, एका टोकाला आगगाडीचे रूळ. आपल्याकडच्या बाजाराच्या गावाएवढीही वर्दळ नाही. पियर-जाँ डी स्मेट नावाचे एक बेल्जियन धर्मोपदेशक या मुलुखात हिंडले होते, त्यांचे नाव गावाला दिले.

हे गाव आधी वसले आणि मग आगगाडी आली असे झालेले नाही. उलट आगगाडीने गाव वसवले. १८७९ साली शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न कंपनीचा लोहमार्ग पश्चिमेकडे सरकत होता. चार्ल्स इंगल्सला त्या कामावर हजेरी आणि पगाराचे हिशेब ठेवण्याची नोकरी मिळाली, म्हणून तो बायकामुलींना घेऊन सिल्व्हर लेक नावाच्या तळ्याकाठी आला. हिवाळ्यात मजुरांचा तळ उठून गेला. जमीन मोजणाऱ्या अधिकाऱ्यांचे लाकडी घर सांभाळण्यासाठी हे एकटे कुटुंब तिथे राहिले. १८८० च्या वसंतात गावाची आखणी झाली, आणि पाहता पाहता फळ्यांची दुकाने उभी राहिली.

ते मोजणीदारांचे घर अजून आहे. पुढे ते तळ्याकाठून गावात हलवले, आणि आता लॉराच्या नावाने १९५७ साली स्थापन झालेली एक संस्था ते सांभाळते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते पाहिले. नात दारातच थबकली. म्हणाली, "एवढेसे?" पुस्तकात लॉराने त्या घराचे वर्णन वाड्यासारखे केले आहे. मातीच्या बिळातून आणि तंबूतून आलेल्या बारा वर्षांच्या मुलीला ते तसेच वाटले असणार. मला काही ते लहान वाटले नाही. आम्ही सात भावंडे याहून लहान घरात वाढलो.

चार्ल्सने जमीन कशी मिळवली हे आपल्या शेतकरी बंधूंना मुद्दाम सांगण्यासारखे आहे. १८६२ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. एकवीस वर्षांच्या कोणाही माणसाने, मग ती एकटी बाई का असेना, थोडी फी भरून १६० एकर सरकारी जमीन नावावर नोंदवायची. तिथे घर बांधायचे, जमीन मोडून पीक घ्यायचे आणि पाच वर्षे राहून दाखवायचे. शेजाऱ्यांच्या साक्षी झाल्या की जमीन कायमची त्याची. एकशे साठ एकर! अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद. आपल्या गुंठ्यांच्या वाटण्या आठवल्या आणि मी एक सुस्कारा सोडला, हे कबूल करतो.

पण ही जमीन सरकारने आणली कुठून? तिथे डकोटा लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत, शिकार करीत होते. १८५८ च्या तहाने त्यांच्यापैकी यांक्टन शाखेने बिग सू आणि मिसूरी या नद्यांमधली एक कोटीहून अधिक एकर जमीन सोडली आणि त्यांच्याकडे मिसूरीकाठचा चार लाख एकरांच्या आसपासचा एक तुकडा राहिला. त्या सुटलेल्या पट्ट्यातच डी स्मेट आहे. त्याआधी कॅन्ससमध्ये तर इंगल्स कुटुंब ओसेज लोकांच्या जमिनीवर, तह पुरा होण्यापूर्वीच, बेकायदा जाऊन बसले होते. लॉराच्या पुस्तकांत या लोकांविषयी आणि काळ्या लोकांविषयी जे लिहिले आहे ते आज वाचताना टोचते. तिच्या नावाने बालसाहित्याचा एक मोठा पुरस्कार दिला जाई, त्याचे नाव याच कारणाने २०१८ साली बदलण्यात आले. नातीच्या शाळेत त्यावर चर्चा झाली होती. "मला लॉरा आवडते, पण तो भाग वाचताना आवडत नाही," असे ती सरळ म्हणाली. मला ते पटले. ज्याची जमीन गेली त्याचे दुःख शेतकऱ्याला नाही कळायचे तर कुणाला?

गावाच्या आग्नेयेला मैलभरावर चार्ल्सचे शेत आहे. आता तिथे पाहुण्यांसाठी जुन्या पद्धतीची खोपटी, एक खोलीची शाळा, घोड्यांचा तबेला असे उभे केले आहे. गावकरी १९७१ पासून दर जुलैत लॉराच्या गोष्टींचे नाटकही जवळच उघड्या माळावर करतात. शेताच्या कोपऱ्यात मात्र एक अस्सल गोष्ट आहे. बायको आणि चार मुली यांच्यासाठी चार्ल्सने कॉटनवुडची पाच रोपे लावली होती. त्या झाडांतली काही अजून उभी आहेत. कॉटनवुडच्या बिया कापसाच्या पिंजलेल्या तंतूंवर तरंगत जातात, म्हणून हे नाव. पान पिंपळासारखे, लांब देठाचे, वारा नसतानाही सळसळणारे. बाराही महिने वारा वाहणाऱ्या त्या उघड्या माळावर झाडाखाली उभे राहिल्यावर पहिल्यांदा घरासारखे वाटले.

शेतावर पाहुण्यांना गवत पिळायला शिकवतात. पाणथळीतले लांब वाळलेले गवत मुठीत धरायचे, पीळ घालायचा, दुमडायचे, आणि दोन पदर एकमेकांत अडकवून हातभर लांबीचे कडक लाकूड करायचे. आजूबाजूचे पाहुणे धडपडत होते. मी लहानपणी अंबाडीच्या वाखाचे दोर ढिगाने वळलेले आहेत. दोन मिनिटांत तीन पेंड्या करून ठेवल्या. शिकवणारी मुलगी पाहतच राहिली, आणि नातीची मान ताठ झाली.

तिथे हा खेळ आहे. १८८०-८१ च्या हिवाळ्यात तो खेळ नव्हता. त्या वर्षी ऑक्टोबरातच पहिले हिमवादळ आले, पिके पुरती घरात येण्यापूर्वी. मग वादळामागून वादळ. तीन-चार दिवस हाताला हात दिसू नये असे बर्फ, एखादा दिवस उघडीप, की पुन्हा सुरू. लोहमार्गावरच्या खिंडी बर्फाने भरून जात. माणसे फावड्यांनी ते उपसत आणि रात्रीत त्या पुन्हा भरत. जानेवारीत गाड्या थांबल्या त्या मे महिन्यापर्यंत आल्याच नाहीत. गावाला झाड नाही, म्हणून सरपण नाही. कोळसा आगगाडीने यायचा, तो संपला. रॉकेल संपले, साखर संपली, पीठ संपले. इंगल्स कुटुंब शेतावरून गावातल्या आपल्या इमारतीत आले होते. चार्ल्स आणि लॉरा मागच्या पडवीत बसून दिवसभर गवत पिळत. हात बर्फासारखे गार पडत आणि गवताने सोलून निघत. गवताची एक पेंडी काही मिनिटांत जळून जाते, म्हणजे पिळण्याला खंड नाही. उरलेला गहू कॉफीचे दाणे दळण्याच्या हातातल्या छोट्या यंत्रात आळीपाळीने दळायचा. दिवसभर कुणीतरी दळत असे, तेव्हा संध्याकाळच्या पावापुरते जाडेभरडे पीठ निघे. आपल्या मायबहिणींना जात्याचे कष्ट ठाऊक आहेत. त्यांनी कल्पना करावी, की पाच-सहा माणसांचे दळण मुठीएवढ्या तोंडाच्या यंत्रातून काढायचे आहे.

या हिवाळ्यावर लॉराने एक सबंध पुस्तक लिहिले, ते १९४० साली निघाले. त्यातला एक प्रसंग मला पुतण्याने गाडीतच वाचून सांगितला. अल्मान्झो वाइल्डर हा तरुण शेतकरी, लॉराचा पुढे झालेला नवरा. त्याने पुढच्या पेरणीचे बियाणे कोणी मागू नये म्हणून खोलीच्या खोट्या भिंतीआड लपवून ठेवले होते. गावात उपासमार आली तेव्हा त्याच्यापुढे पेच पडला. बियाणे द्यावे तर पुढचे वर्ष गेले, न द्यावे तर शेजारी मरतात. शेवटी तो आणि त्याचा एक तरुण मित्र दोन वादळांच्या मधल्या उघडिपीत घसरगाड्या जुंपून निघाले. माळावर एका एकट्या शेतकऱ्याकडे गहू आहे अशी नुसती वदंता होती. शेतकरी सापडला. त्याचाही तो बियाण्याचाच गहू! मिनतवारी करून बुशेलला सव्वा डॉलर दराने साठ बुशेल घेतले आणि जीव मुठीत धरून परत आले. (बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो गहू.) पैसे पुरवलेल्या दुकानदाराने मात्र दुकानात त्याचा भाव तीन डॉलर लावला. गाव खवळले. चार्ल्सने दुकानदाराला शांतपणे समजावले, की वसंत येईल, आगगाडी येईल, लोकांना कुठूनही माल घेता येईल, तेव्हा तुझ्या दुकानाची पायरी कोण चढेल याचा विचार कर. दुकानदाराने खरेदीच्याच भावाने गहू वाटला. आणि जिवावर उदार होऊन गेलेल्या दोघांनी आणण्याचा एक पैसा घेतला नाही.

गोष्ट म्हणून हे फार सुंदर आहे. पण लॉराने आधी लिहिलेले आत्मवृत्ताचे हस्तलिखित टिपांसह २०१४ साली छापून निघाले, तेव्हा कळले की त्या हिवाळ्यात इंगल्सांच्या घरात एक तरुण जोडपे आणि त्यांचे तान्हे बाळही राहत होते. लॉराच्या आठवणीप्रमाणे तो नवरा कामाला हात लावत नसे आणि जेवायला पुढे असे! पुस्तकात तिने त्यांना गाळून टाकले. एकटे कुटुंब, आपल्या बळावर तरलेले, असे चित्र तिला हवे होते.

अशा आणखीही गोष्टी आहेत. थोरली बहीण मेरी चौदाव्या वर्षी आजारात आंधळी झाली. (पुस्तकात त्या तापाचे नाव वेगळे आहे, तो मेंदूला सूज आणणारा विषाणूचा आजार असावा असे डॉक्टरांनी २०१३ साली कागदपत्रांवरून दाखवले.) तिला आयोवा राज्यातल्या अंधांच्या शाळेत घातले. पुस्तकात घरच्यांची काटकसर आणि शाळेत शिकवून महिना २० डॉलर मिळवणारी लॉरा दिसते, आणि ते खरेही आहे. पण शाळेचा मुख्य खर्च डकोटा प्रदेशाच्या सरकारने उचलला होता, ते पुस्तकात येत नाही. चार्ल्सला १८८६ साली जमिनीचा पक्का दाखला मिळाला. पण पुढच्याच वर्षी त्याने गावात घर बांधले आणि शेतावरून तो गावात राहायला आला. सुतारकाम करू लागला. ते गावातले घरही आम्ही पाहिले. चार्ल्स १९०२ साली त्याच घरात वारला, आई कॅरोलाइन १९२४ साली गेली, मेरी तिथेच राहत असे. फुकट मिळालेल्या १६० एकरांवर कुटुंब पोसणे त्या कष्टाळू माणसाला जमले नाही, हे त्या नीटनेटक्या घरात उभे राहिले की ध्यानात येते. मार्गदर्शक बाईंनी त्यावर विशेष काही सांगितले नाही. पाहुणेही विचारत नाहीत.

लॉराचे स्वतःचे काय झाले? तिचे लग्न २५ ऑगस्ट १८८५ रोजी झाले. शेतकऱ्याशी लग्न करायला तिचा विरोध होता. व्यापारी मालाचा भाव पाडून घेतो आणि स्वतःच्या मालाचा वाढवून लावतो, मग शेतकऱ्याच्या हाती राहणार काय, असे तिचे म्हणणे. (तेव्हा अमेरिकेतही हेच होते म्हणायचे.) अल्मान्झोने तीन वर्षांची मुदत मागितली. तीन वर्षांत शेती फायद्यात आली नाही तर सोडून देईन म्हणाला.

त्या वर्षांची हकिगत तिने लिहून ठेवली, पण हयातीत छापली नाही. ती १९७१ साली, तिच्या मृत्यूनंतर निघाली. पुतण्याकडे ती प्रत होती. मुक्कामाच्या रात्री मी त्याला वाचायला लावली. इंग्रजी माझे बेताचे, तो मराठीत सांगत गेला. शंभर एकर गहू कापणीला आलेला, आणि गारपिटीने वीस मिनिटांत आडवा. त्यानंतर लॉराला कळते की राहत्या घरावर ५०० डॉलरचे कर्ज आहे आणि नवऱ्याने ते तिला सांगितलेले नाही. यंत्रे हप्त्यांनी घेतलेली, त्यावर व्याज. पुढच्या वर्षी उष्ण वारे, पीक करपले. सरकारच्या दुसऱ्या एका कायद्याने दहा एकर झाडे जगवली तर आणखी १६० एकर मिळत, ती झाडेही अवर्षणात वाळली. १८८८ साली नवराबायको दोघांना घटसर्प झाला. अल्मान्झो बरा होण्याआधीच कामाला लागला आणि त्याच्या पायांत अधूपणा आला तो जन्मभर राहिला. १८८९ साली मुलगा झाला आणि काही आठवड्यांत, नाव ठेवण्यापूर्वी, गेला. त्याच वर्षी स्वयंपाकघरात आग लागून घर जळाले. तिने वाचवलेल्या थोड्या वस्तूंत पावासाठीची एक काचेची ताटली होती, ती अजून जपून ठेवलेली आहे.

पुतण्या वाचता वाचता थांबला. म्हणाला, "काका, हे तर आपल्याकडच्यासारखेच." मी काही बोललो नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या वडिलांनी असेच एक कर्ज आईपासून लपवले होते. ते तिला सावकाराच्या माणसाकडून कळले. पैशापेक्षा त्याचेच तिला अधिक लागले.

दोष कुणाचा? अल्मान्झो अडाणी नव्हता, आळशी तर मुळीच नव्हता. त्या काळी अमेरिकेत एक समजूत पसरवली गेली होती, की नांगरामागून पाऊस येतो. कोरडा माळ नांगरला की पाऊसमान वाढते म्हणे! रेल्वे कंपन्यांना प्रवासी आणि धान्य हवे होते, जमिनीच्या दलालांना गिऱ्हाइके हवी होती. सुरुवातीची काही वर्षे पाऊस झाला, लोकांच्या झुंडी आल्या. १८८७ च्या सुमारास पावसाने हात आखडला आणि घरेच्या घरे रिकामी झाली. जमीन फुकट होती, पण नांगर, बैल, बियाणे, फळ्या, विहीर, कापणीचे यंत्र यातले काहीच फुकट नव्हते. कोरड्या मुलुखाला १६० एकर पुरत नाहीत हे कायदा करणाऱ्यांना पूर्वेच्या ओल्या प्रदेशात बसून समजले नाही. मी तरी दोष अल्मान्झोला देणार नाही.

मधली काही वर्षे दुसरीकडे काढून दोघे परत आली. लॉराने शिवणकाम करून दिवसाला डॉलर याप्रमाणे शंभर डॉलर साठवले. १७ जुलै १८९४ रोजी ती, अल्मान्झो आणि सात वर्षांची मुलगी रोझ यांनी गाडी जुंपून डी स्मेट सोडले. सहा आठवडे, सुमारे साडेसहाशे मैल. लॉराने वाटेत रोजनिशी लिहिली, त्यात करपलेली शेते आणि माघारी निघालेल्या लोकांच्या गाड्या आहेत. मिसूरी राज्यात मॅन्सफील्ड गावी त्यांनी चाळीस एकर दगडाळ जमीन घेतली, सफरचंद लावले, कोंबड्या आणि गाई पाळल्या. तिथे मात्र ती टिकली, आणि शेत वाढवत दोनशे एकरांच्या आसपास नेले.

इथे मला एक गोष्ट कळली आणि फार आनंद झाला. ही बाई पुस्तके लिहिण्याआधी कित्येक वर्षे शेतकऱ्यांच्या एका पत्रात लिहीत होती! "मिसूरी रूरलिस्ट" नावाच्या पत्रात १९११ पासून तिचे लेख येऊ लागले, तेही सुरुवातीला नवऱ्याच्या नावाने, "श्रीमती ए. जे. वाइल्डर" असे. कोंबड्यांनी हिवाळ्यात अंडी कशी द्यावीत, स्वयंपाकघर कसे मांडावे, शेतकऱ्याच्या बायकोचे काम धंद्यात धरावे की नाही, असे विषय. शेतकऱ्यांना स्वस्त व्याजाने सरकारी कर्ज मिळवून देणाऱ्या गावच्या मंडळाची ती कित्येक वर्षे चिटणीस-खजिनदार होती. कर्जाने पोळलेल्या बाईने हे काम अंगावर घेतले. तिच्या या लिहिण्यातूनच पुढे पुस्तके आली. मुलगी रोझ नामवंत लेखिका झाली होती, तिने आईच्या हस्तलिखितांवर पुष्कळ हात फिरवला हेही आता सर्वांना माहीत आहे.

परतीच्या दिवशी सकाळी गावाच्या स्मशानभूमीत गेलो. चार्ल्स, कॅरोलाइन, मेरी, कॅरी, ग्रेस, सारे कुटुंब तिथे आहे. लॉरा नाही, ती मॅन्सफील्डला नवऱ्याशेजारी. पण तिचा तो बिननावाचा मुलगा इथेच आहे. नातीने रस्त्याकडेची रानफुले आणली होती, ती त्याच्या दगडापाशी ठेवली.

धाकट्या ग्रेसचे सासर शेजारच्या मँचेस्टर गावी होते. ते गाव २४ जून २००३ च्या चक्रीवादळाने पुसून टाकले, पुन्हा वसले नाही. या सबंध जिल्ह्याची वस्ती १९३० साली बारा हजारांवर होती, २०२० साली ती पाच हजारांच्या जरा वर उरली. शेते मोठी झाली, यंत्रे मोठी झाली, माणसे गेली. रस्त्यात माणूस का दिसत नव्हता याचे उत्तर मला तिथे मिळाले.

निघताना पुतण्याला म्हटले, लॉरा-अल्मान्झोचे शेत कुठे होते ते दाखव. गावाच्या उत्तरेला दीड-दोन मैलांवर रस्त्याच्या कडेला एक पाटी आहे. तिकडे पाहुण्यांची गर्दी नव्हती, आम्हीच. पलीकडे गुडघ्याएवढे सोयाबीन वाऱ्याने पालथे-सुलटे होत होते. घराचा दगडसुद्धा दिसत नाही. मी खाली वाकून चिमूटभर माती उचलली. काळी, मऊ, बोटांना चिकटणारी, पहिल्या प्रतीची जमीन. नातीने विचारले, "आजोबा, चांगली आहे?" मी म्हटले, "चांगली आहे गं." मग आम्ही गाडीत बसलो.